शिपायाच्या हातीं पळी

तलवार हातीं घेतलेल्या पुरुषास समाज मान देतो. पळी हातीं घेतलेल्या पुरुषास पाहून तोच समाज गालांतल्या गालांत हंसतो. रणांगणावरून परत आलेला शिपाई मुदपाकखान्यांत शिरला, तर तो वर चढला कीं खालीं उतरला, असा प्रश्न कोणीं विचारल्यास आपणांपैकीं बहुतेकजण "खालीं उतरला" असेंच उत्तर देतील. हें उत्तर चुकीचें आहे, इतकेंच नव्हे, तर तें आपल्या मुलांच्या व देशाच्या हिताच्या आड येणारें आहे, असें आमचें मत आहे; आणि तें विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें सप्रमाण मांडावें, एवढ्याकरितां हा लेखनप्रपंच.

वास्तविक आपल्या भाषेनें या प्रश्नाचा निकाल फार पूर्वींच लावून ठेवला आहे. विराटाच्या घरीं अज्ञातवासांत राहिलेल्या भीमानें बल्लव हें नांव धारण करून तेथील पाकशाळेचा भार उचलला. गदा फिरविणारा हात तोच, आणि चुलीवरची हंडी उतरविणारा हातहि तोच. तेव्हांपासून कुशल आचाऱ्यास आपण, थट्टेनें कां होईना, पण 'बल्लवाचार्य' म्हणत आलों आहों. या एका शब्दांत योद्धा आहे, स्वयंपाकी आहे आणि आचार्य, म्हणजे शिकविणारा, हाहि आहे. भीमानें तो वेष लपण्यासाठीं घेतला होता, हें खरें. परंतु लपण्यासाठीं नव्हे, तर युद्धानंतरचें आयुष्य नव्यानें उभारण्यासाठीं ज्यांनीं उघड माथ्यानें पळी हातीं धरली, असे शिपाई अर्वाचीन काळांत परदेशीं होऊन गेले आहेत. त्यांची हकीकत आमच्या मताचा मुख्य आधार आहे.

प्रथम असें पाहूं कीं, शिपाई आणि स्वयंपाकघर यांचा मेळ बसतो तो कसा. फ्रान्स देशांत ऑग्युस्त एस्कॉफिये या नांवाचा एक पाकशास्त्री होऊन गेला. त्याचा जन्म १८४६ सालचा. तेराव्या वर्षीं तो नीस शहरीं आपल्या चुलत्याच्या उपाहारगृहांत उमेदवारीस लागला. १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें, तेव्हां त्यास सैन्यांत बोलावणें आलें आणि मेत्झ येथें सेनाधिकाऱ्यांच्या भोजनाची व्यवस्था त्याजकडे आली. शत्रूनें त्या शहरास वेढा दिला. अन्न संपत चाललें. अखेर घोड्यांचें मांस शिजवून दिवस काढण्याची पाळी आली. ऑक्टोबर महिन्यांत मेत्झ पडलें व एस्कॉफिये युद्धकैदी होऊन जर्मनींत गेला. आहे त्या साहित्यांत, ठरल्या वेळीं, ठरल्या माणसांस जेवूं घातलेंच पाहिजे, हा धडा कोणत्याहि सुखवस्तु हॉटेलांत त्यास मिळाला नसता.

पुढें १८९० सालीं लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलाचा भटारखाना त्याच्या हातीं आला, तेव्हां त्यानें तेथें जी शिस्त लावली तिला 'ब्रिगेड' असें सैन्यांतलेंच नांव आहे. रसांचा प्रमुख एक, भाजण्याच्या पदार्थांचा दुसरा, गोड पदार्थांचा तिसरा, आणि या सर्वांवर एक मुख्य, ज्यास आपण आज 'शेफ' म्हणतों. जगांतील बहुतेक मोठ्या हॉटेलांत आजहि थोड्याफार फरकानें हीच मांडणी आहे. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. सैन्याची व्यवस्था त्यानें घेतली, पण सैन्याचा दरारा घेतला नाहीं. त्या काळच्या भटारखान्यांत शिवीगाळ आणि मद्यपान यांचा सुळसुळाट असे. एस्कॉफियेनें आरडाओरड बंद केली आणि भट्टीपुढें तापलेल्या माणसांच्या तहानेसाठीं जवाचें पाणी तयार ठेवविलें. शिस्त म्हणजे दरडावणें नव्हे, हें या माजी शिपायास कळलें होतें. १९०३ सालीं त्यानें आपल्या विद्येचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढील कित्येक पिढ्या त्यावरच शिकल्या.

परंतु एस्कॉफिये युद्धापूर्वींहि स्वयंपाकीच होता. ज्यास युद्धापूर्वीं कोणताच धंदा येत नव्हता, अशा सामान्य शिपायाचें काय? या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेनें दिलें. सुमारें १६० लक्ष माणसें सैन्यांतून घरीं परतावयाचीं होतीं. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या शिपायांची जी उपेक्षा झाली, तिची कडू आठवण त्या देशास होती. म्हणून २२ जून १९४४ रोजीं, म्हणजे लढाई चालू असतांनाच, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं एका कायद्यावर सही केली. लोक त्यास 'जी. आय. बिल' या नांवानें ओळखतात. त्या अन्वयें परतलेल्या शिपायाच्या शिक्षणाचा खर्च सालीना ५०० डॉलरपर्यंत सरकारनें सोसावा आणि शिकत असतां त्याच्या चरितार्थासाठीं, तो एकटा असल्यास, आरंभीं दरमहा ५० डॉलर द्यावे, असें ठरलें. १९५६ सालापर्यंत सुमारें ७८ लक्ष माजी सैनिकांनीं या योगें शिक्षण घेतलें. त्यांतले सगळे कांहीं पदवीधर झाले नाहींत. पुष्कळांनीं हातानें करावयाचे धंदे शिकून घेतले, आणि कायद्यानें त्या धंद्यांस पदवीहून कमी लेखलें नाहीं.

याच सुमारास कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन या गांवीं उपाहारगृहांच्या मालकांपुढें एक अडचण उभी होती. कसलेले आचारी मिळत नव्हते; कारण पूर्वीं ते युरोपांतून येत, आणि युद्धामुळें ती वाट बंद पडली होती. एकीकडे काम शोधणारे शिपाई, दुसरीकडे माणसें शोधणारे धंदेवाले, आणि दोहोंच्या मध्यें एकच वस्तु उणी, ती म्हणजे शाळा. ती शाळा २२ मे १९४६ रोजीं एका लहानशा दुकानवजा जागेंत उघडली. विद्यार्थी ५०, आणि शिक्षक अवघे तीन: एक आचारी, एक भटारी व एक आहारशास्त्र जाणणारा. शिक्षणक्रम १६ आठवड्यांचा. ती चालविण्याचें काम फ्रान्सिस रॉथ या बाईंनीं पत्करलें. त्या व्यवसायानें वकील. पाकशास्त्राशीं त्यांचा संबंध नव्हता. त्यांच्या पाठीशीं येल विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांच्या पत्नी कॅथरिन एंजेल या उभ्या राहिल्या. ज्या विद्यापीठाच्या सावलींत मोठमोठे पंडित वावरत, त्याच्याच शेजारीं पुढील वर्षीं एका प्रशस्त वाड्यांत ही पळी-कढईची शाळा थाटली गेली.

१९५१ सालीं या शाळेनें 'कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका' हें नांव घेतलें. शाळेचा पसारा वाढत गेला, वाडा अपुरा पडूं लागला, आणि १९७२ सालीं ती न्यूयॉर्क संस्थानांत हडसन नदीच्या कांठीं हाइड पार्क या गांवीं गेली. तेथील जी इमारत तिनें विकत घेतली, ती पूर्वीं जेझुइट संघाच्या नवदीक्षितांचें शिक्षणालय होती. जेथें पूर्वीं प्रार्थनामंदिर होतें, तेंच दालन पुढें विद्यार्थ्यांचें भोजनगृह झालें. आणखी एक योग पाहा. ज्या रूझवेल्टनें शिपायांस शाळेची वाट खुली करून दिली, त्याचा जन्म याच हाइड पार्कमध्यें झाला व त्याची समाधीहि तेथेंच आहे. शिपायांसाठीं निघालेली शाळा अशा रीतीनें आपल्या उपकारकर्त्याच्या गांवीं येऊन स्थिर झाली.

आतां एका व्यक्तीचें चरित्र पाहूं. कारण कायदे व संस्था यांच्या हकीकतींत माणूस दिसत नाहीं. पॉल बोक्युज हा फ्रान्समध्यें लियों शहराजवळ १९२६ सालीं आचाऱ्यांच्याच घराण्यांत जन्मला. १९४४ सालीं, अठरा वर्षांचा असतां, तो स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यांत स्वेच्छेनें दाखल झाला. आल्सास प्रांतांतील लढाईंत तो गोळ्यांनीं जबर जखमी झाला आणि अमेरिकन लष्करी इस्पितळांत परक्यांचें रक्त अंगांत घेऊन वांचला. तेथल्या शिपायांनीं त्याच्या डाव्या खांद्यावर फ्रान्सचें चिन्ह जो कोंबडा, तो गोंदला. तो कोंबडा त्यानें जन्मभर अंगावर बाळगला.

युद्ध संपल्यावर हा जखमी वीर कोठें गेला असेल, अशी तुमची कल्पना आहे? तो लियोंजवळच्या डोंगरावर युजेनी ब्राझिये नांवाच्या बाईंच्या उपाहारगृहांत कामास राहिला. बाई मोठ्या करड्या शिस्तीच्या, आणि आपल्या कलेंत अद्वितीय. फ्रान्समध्यें उपाहारगृहांस तारे देऊन त्यांची योग्यता ठरविण्याची जी पद्धत आहे, तींत १९३३ सालीं त्यांच्या दोन उपाहारगृहांस प्रत्येकीं तीन असे सहा तारे मिळाले होते. त्यांच्या हाताखालीं बोक्युजनें स्वयंपाक तर केलाच. पण गाईंच्या धारा काढल्या, भाजीचे वाफे खुरपले आणि धुणेंहि धुतलें. देशासाठीं रक्त सांडलेल्या माणसास धुणें धुण्यांत कमीपणा वाटला नाहीं! त्यानंतर फेर्नां प्वाँ या नामांकित गुरूपाशीं त्यानें पुढील विद्या घेतली. वडिलांच्या खाणावळीस त्यानें १९६५ सालीं तीन तारे मिळवून दिले, आणि ते २०१८ सालीं त्याच्या मृत्यूपर्यंत कायम होते. १९७५ सालीं फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनीं आपल्या प्रासादांत त्यास 'लीजन ऑफ ऑनर' ही पदवी दिली. नेपोलियनच्या काळीं निघालेला हा बहुमान एका आचाऱ्यास त्याच्या विद्येसाठीं मिळाला.

तथापि आमच्या मतें बोक्युजची खरी थोरवी ताऱ्यांत नाहीं, पदवींतहि नाहीं. १९९० सालीं लियोंजवळ एकुली येथें त्याच्या पुढाकारानें पाकविद्येची व आतिथ्यव्यवसायाची शाळा निघाली, तींत ती आहे. आचारी कितीहि मोठा असला तरी त्याच्या हातचें जेवण त्याच्या पंक्तीस बसलेल्यांनाच मिळतें. आचाऱ्यांचा जो गुरु होतो, त्याच्या हातचें जेवण, त्याच्या शिष्यांच्या हातून, ज्यांनीं त्यास कधीं पाहिलें नाहीं अशांच्या ताटांत पडतें. २०११ सालीं हाइड पार्कच्या त्याच संस्थेनें त्यास शतकांतला श्रेष्ठ शेफ म्हणून गौरविलें, आणि २०१३ सालीं आपल्या एका भोजनगृहास त्याचें नांव दिलें. अमेरिकन रक्तानें वांचलेल्या फ्रेंच शिपायाचें नांव अमेरिकन शिपायांसाठीं निघालेल्या शाळेच्या दारावर लागलें.

येथें कोणी म्हणेल, स्वयंपाकास शाळा कशाला? आमच्या घरांतील बायका कोणत्या शाळेंत गेल्या होत्या? आक्षेप वरवर बरा दिसतो. पण आपल्या घरीं मुलीनें आईस विचारावें, "मीठ किती?" तर उत्तर मिळतें, "अंदाजानें." हा अंदाज आईच्या हातांत वर्षांनुवर्षांच्या सवयीनें मुरलेला असतो, तो तिला शब्दांत सांगतां येत नाहीं. पूर्वींच्या भटारखान्यांत तर कित्येक वस्ताद आपला अंदाज मुद्दाम लपवून ठेवीत, आणि शिकाऊ पोरानें चोरून पाहून जें उचलावें तेवढेंच त्याचें. शाळेंत शिकविणारा या अंदाजास कारणांची जोड देतो. कांदा कोणत्या आंचेवर तांबूस होतो व कोणत्या आंचेवर करपतो. सुरी कशी धरली असतां बोट वांचतें. शिजलेलें अन्न किती वेळ व किती उष्ण ठेवलें असतां विटत नाहीं. शंभर पानांचा खर्च दर पानास किती पडतो. हें सर्व तो बोलून व करून दाखवितो. हातांत मुरलेली विद्या जिभेवर आणणें, हेंच पाकशिक्षकाचें काम होय, आणि तें कोणत्याहि अध्यापकाच्या कामाइतकेंच अवघड आहे.

आमच्या मताविरुद्ध जें खरें आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. हा धंदा सोपा नाहीं. ज्या वेळीं जग सण साजरे करतें, त्या वेळीं आचारी भट्टीपुढें उभा असतो. आरंभींचें वेतन तुटपुंजें असतें. युद्धाचे घाव मनांत घेऊन आलेल्या माणसास भटारखान्यांतील गडबड व आरोळ्या असह्य होण्याचाहि संभव आहे. प्रत्येक शिपायानें आचारीच व्हावें, असें आम्ही म्हणत नाहीं. तसेंच अमेरिकेच्या त्या कायद्यासहि काळी बाजू होती. कागदावर तो सर्वांस सारखा होता. पण त्याची अंमलबजावणी स्थानिक लोकांच्या हातीं असल्यामुळें, विशेषतः दक्षिणेकडील संस्थानांत, कृष्णवर्णीय शिपायांस त्याचा लाभ फार अपुरा मिळाला. ज्यांनीं एकाच शत्रूशीं लढा दिला, त्यांस शाळेच्या दाराशीं वेगळें काढण्यांत आलें. कायदा चांगला असून भागत नाहीं. दार उघडणारा माणूसहि चांगला लागतो, एवढें यावरून शिकावें.

आतां आपल्या घराकडे वळूं. त्याच महायुद्धांत २५ लक्षांहून अधिक हिंदी शिपाई होते, आणि इटलीच्या डोंगरांत लढलेल्या मराठा पलटणींतून आपल्या सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतले पुष्कळ तरुण होते. तेहि १९४६ च्या सुमारास घरोघर परतले. त्यांच्या आगमनाचा आनंद गांवोगांव झाला असेल. पण न्यू हेवनसारखी शाळा त्यांची वाट पाहत नव्हती. मुंबईंत पाकविद्येची व हॉटेलव्यवस्थेची संस्था निघाली ती १९५४ सालीं. अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेनें लीलावती मुनशी यांच्या नेतृत्वाखालीं ती काढली. ती दादर येथें आजहि चालू आहे. तिकडे रॉथबाई व एंजेलबाई, इकडे लीलावतीबाई! चुलीपुढच्या कामास विद्येचा दर्जा मिळावा म्हणून दोन्ही देशांत स्त्रियाच पुढें सरसावल्या, हें पुरुषवर्गानें विसरूं नये.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाहीं. आपला जवान पेन्शन घेऊन घरीं येतो तो बहुधा चाळिशीच्या आंतबाहेर, म्हणजे कर्तृत्वाचा काळ पुढें असतांनाच. त्यांतच २०२२ सालीं सरकारनें अग्निपथ योजना काढली. तिच्या मूळ नियमांप्रमाणें भरती झालेला तरुण चार वर्षें सेवा करतो, आणि त्यांतील चतुर्थांशापर्यंतच तरुण पुढें कायम होतात. बाकीचे ऐन पंचविशीच्या आंत घरीं परतावयाचे. कदाचित् आज याच शाळेच्या बाकावर बसलेले कांहीं विद्यार्थी उद्यां त्यांत असतील. निवृत्त जवान म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें बँकेच्या दारांतील पहारेकऱ्याची खुर्ची येते. ती नोकरी प्रामाणिक आहे. तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण पहांटे उठणें, ठरल्या क्षणीं काम पुरें करणें, दहाजणांशीं मिळून राहणें व संकटांत डोकें शांत ठेवणें, हे गुण ज्याच्या अंगीं सरकारी खर्चानें बाणले आहेत, त्यास जन्मभर दाराशीं बसविणें हा त्या गुणांचा अपव्यय नव्हे काय? शाळेची जोड मिळाली तर त्याच गुणांतून आचारी होईल, आणि आचाऱ्यांतून आचार्यहि होईल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणास सैन्यांत जावेंसें वाटत असेल, तर अवश्य जा. पण परत आल्यावर पुन्हां विद्यार्थी होण्याची तयारी मनांत ठेवून जा. बोक्युजसारखा जखमी वीर गाईची धार काढण्यास बसूं शकला, म्हणूनच तो पुढें गुरु झाला. आणि कोणास शिपाईगिरीपेक्षां स्वयंपाकच अधिक आवडत असेल, तर तें सांगण्यास लाजूं नका.

पालकांस आमची विनंती थोडक्यांत अशी. मुलानें "मला स्वयंपाक शिकावयाचा आहे" असें म्हटल्यास "याचकरितां का तुला इतकें शिकविलें?" असें विचारूं नका, कोणत्या संस्थेंत, किती वर्षें व किती खर्चानें, हें विचारा, आणि त्याच्याबरोबर जाऊन ती संस्था पाहून या. तसेंच तुमच्या गांवीं यापुढें जो जवान सेवा संपवून येईल, त्याच्या गळ्यांत हार अवश्य घाला, मात्र हार घालून झाल्यावर त्यास जवळ बसवून, "आतां काय शिकावयाचें मनांत आहे?" एवढा एक प्रश्न विचारावयास विसरूं नका.